इतवारीच्या वाटेवरची दोन कॉलेजे

१८७७ ते १८८५ या आठ वर्षांत नागपूरचे जुने शहर पार बदलून गेले. १ जानेवारी १८७७ रोजी जुम्मा तलावाजवळ जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि मागावर बसणाऱ्या कोष्ट्यांच्या घरांतून माणसे पाळीवर जाऊ लागली. १८८१ मध्ये इतवारी या बाजारपेठेतून काळी मारबत निघाली, १८८५ मध्ये जागनाथ बुधवारीतून पिवळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई, इडापिडा गावाबाहेर घालवण्यासाठी निघणारी पुतळ्यांची ही मिरवणूक तेव्हापासून आजवर चालू आहे. आणि याच काळात, १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज, अशी दोन कॉलेजे नागपुरात उघडली.

गिरणीवर आणि मारबतीवर पुष्कळ लिहिले गेले. कॉलेजांची गोष्ट मात्र नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या यादीपाशी येऊन थांबते. या दोन्ही संस्था सुरुवातीला खासगी होत्या आणि आजच्या मापाने अगदीच लहान. एक स्कॉटलंडच्या मिशनची, दुसरी शहरातल्या लोकांच्या वर्गणीची. सरकारचे अनुदान मिळे, पण संसार ज्याचा त्याने चालवायचा. विद्यापीठ यायला अजून चाळीस वर्षे होती. नागपूरचे उच्च शिक्षण या दोन छोट्या घरांत वाढले. लहान कॉलेजाची किंमत कशावर ठरते, हे समजून घ्यायला त्यांच्यासारखे दुसरे उदाहरण विदर्भात नाही.

त्यासाठी कॉलेजाच्याही अडतीस वर्षे मागे जावे लागते.

१८४५ च्या फेब्रुवारीत स्टीफन हिस्लॉप नागपुरात पोहोचले तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. गादीवर रघूजी तिसरे, सीताबर्डीवर इंग्रज रेसिडेंट आणि कामठीला मद्रास फौजेची छावणी. शहर म्हणजे महाल आणि त्याला लागून असलेल्या बाजारपेठा. सराफा ओळ, लोहा ओळ, मस्कासाथ, किराण्याची आणि धान्याची दुकाने, पलीकडे टिमकी आणि हंसापुरी. इतवारीत सकाळपासून बैलगाड्यांची रांग लागे. मराठी आणि हिंदी इथे एकाच दुकानाच्या पायरीवर बोलली जाई, हिशेबाची वही तिसऱ्याच लिपीत असे. या वस्तीतल्या मुलाचे शिक्षण ठरलेले होते. पंतोजीकडे पाढे आणि मोडी, मग गादीवर बसून व्यवहार. ब्राह्मणाच्या मुलाला संस्कृत, मुसलमानाच्या मुलाला फारसी. महाराच्या, मांगाच्या मुलाला काहीच नाही.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. धर्मप्रसार हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी लपवले नाही. १८४६ मध्ये त्यांनी इंग्रजी शाळा उघडली. आधी मराठी शिकले, आणि कामठीच्या छावणीत तमिळ बोलणारे शिपाई होते म्हणून तमिळही हाती घेतले. शाळेत जातीची अट नव्हती. इंग्रजी, गणित, भूगोल यांच्या जोडीने बायबल शिकवले जाई. पालकांना इंग्रजी हवी होती, बायबल नको होते, आणि हा ताण पुढची शंभर वर्षे या संस्थेच्या अंगात राहिला.

त्याचा पहिला मोठा चटका १८४८ मध्ये बसला. शाळेतल्या बाबा पांडुरंग या ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याचे ठरवले. दरबाराने आपला प्रजाजन म्हणून त्याला परत मागितले आणि त्याला दरबाराच्या स्वाधीन करण्यात आले. शहरात खळबळ उडाली. धर्मांतराचा असा एक प्रसंग घडला की मिशन शाळेतून मुले काढून घेण्याची लाट येई, वर्ग रिकामे पडत. मग काही महिन्यांनी, इंग्रजीची गरज डोके वर काढी तशी, तीच मुले पुन्हा येत. पालकांच्या रागात तथ्य होते. आपला मुलगा शाळेत घालताना त्यांनी त्याचा धर्म पणाला लावलेला नव्हता. शिक्षण आणि धर्मांतर यांची गाठ मारल्यामुळे मिशनच्या शिक्षणाचे अतोनात नुकसान झाले, आणि शहराचेही.

पण त्याच शिक्षकाने नागपूरला दुसरेही काही दिले, आणि त्यासाठी त्याने कोणाकडून काही मागितले नाही.

१८५१ मधली गोष्ट. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर टाकळीच्या बाजूला फिरायला गेले होते. टाकळी तेव्हा शहराबाहेरचे खेडे. जमिनीवर पडलेल्या एका दगडात त्यांना शंख दिसला. गोगलगायीचा, गोड्या पाण्यातला. आजूबाजूला सगळा काळा पाषाण, म्हणजे थंड झालेला लाव्हा. लाव्ह्याच्या मुलखात तळ्यातली गोगलगाय कुठून आली? ते शोधत राहिले. सीताबर्डीच्या टेकडीतही त्यांना तोच क्रम सापडला. खाली लाव्ह्याचा एक थर, वर दुसरा आणि दोहोंच्या मध्ये चिखलमातीचा पातळ पट्टा. अर्थ असा, की पहिला लाव्हा थंड झाल्यावर इथे तळी साचली, त्यांत जीव वाढले, काठावर झाडे उगवली आणि पुष्कळ काळानंतर दुसऱ्या लाव्ह्याने ते सारे झाकले. दख्खनचे पठार एका दमात तयार झाले नाही, मध्ये विश्रांती होती, हे ज्या थोड्या जागांनी जगाला सांगितले त्यांत टाकळी आणि सीताबर्डी येतात.

पुढे कामठीजवळ सिलेवाडा इथल्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीची पाने मिळाली, मांगलीला एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या परिसरावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. नागपूरच्या पाण्यातला एक सूक्ष्म वसाहती जीव मुंबईच्या कार्टर या शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये जगापुढे आणला, त्याचे नाव हिस्लोपिया. जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत ते आजही आहे. कामठीचे नावही भूगर्भशास्त्रात एका खडकसंघाचे नाव म्हणून कायम झाले. यातली पुष्कळ विद्या इतवारीतून बैलगाडीने पोहोचता येईल इतक्या जवळ पडून होती.

दगडांबरोबर त्यांनी माणसांचेही ऐकले. गोंडांच्या लिंगो या पूर्वजाची गाथा एका परधान भाटाच्या तोंडून त्यांनी उतरवून घेतली. ज्या गोंड राजांनी नागपूर वसवले त्यांच्या भाषेला आणि कथेला कागद मिळाला तो असा.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते. मोठमोठ्या दगडांची ती वर्तुळे म्हणजे लोहयुगातल्या लोकांच्या दफनभूमी. बाकीची मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली, हिस्लॉप मात्र तिथल्या शाळेतल्या मुलांची परीक्षा घ्यायला मागे थांबले. संध्याकाळी घोड्यावरून एकटे परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. वय ४५. त्यांनी जमवलेले आदिवासींविषयीचे कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून छापले, लिंगोची गाथा त्यातच आहे. टाकळघाटची पुढची गोष्टही इथेच सांगायला हवी. शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि विदर्भाच्या महापाषाणयुगाच्या अभ्यासाचा पाया घातला. एका शिक्षकाचे अर्धे राहिलेले काम त्याच गावच्या विद्यापीठाने पुरे केले.

दरम्यान राज्य बदलले होते. रघूजी तिसरे १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले, डलहौसीने नागपूर खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे आली. कचेऱ्या आल्या, कोर्ट आले, कारकून आणि वकील लागू लागले. शाळा वाढल्या. पण मॅट्रिकच्या, म्हणजे तेव्हाच्या एंट्रन्सच्या पुढे शिकायचे तर जबलपूर, मुंबई, पुणे नाहीतर कलकत्ता. इतवारीतल्या मध्यम घरातल्या मुलाला तिथला खर्च झेपणारा नव्हता, आणि घरची माणसे त्याला इतक्या दूर पाठवायला राजीही नसत.

१८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने (हे हंटर वेगळे) सरकारला सांगितले की शिक्षणसंस्था स्वतः चालवत बसू नका, खासगी प्रयत्नांना अनुदान द्या. दुसऱ्याच वर्षी मिशनने आपल्या शाळेला कॉलेजचे वर्ग जोडले आणि वीस वर्षांपूर्वी बुडालेल्या शिक्षकाचे नाव त्याला दिले. १८८५ मध्ये, निवृत्त चीफ कमिशनर मॉरिस यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीतून, शहरातल्या पुढाऱ्यांनी दुसरे कॉलेज काढले. त्यात वकील बिपिन कृष्ण बोस अग्रभागी होते. बंगालमधून आलेला हा माणूस नागपूरचाच झाला आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाचा पहिला कुलगुरू. नाव साहेबाचे, पण कारभार गावच्या मंडळींचा, अशी मॉरिसची घडण होती. त्याच १८८५ मध्ये पुण्यात फर्ग्युसन कॉलेज उघडले. तिथेही नाव गव्हर्नरचे आणि कष्ट टिळक-आगरकरांच्या पिढीचे. पुण्याची हकिकत महाराष्ट्राला पाठ आहे, नागपूरची नाही.

या कॉलेजांतला विद्यार्थी कोण होता? प्रांतभरातून आलेला. बिलासपूर, रायपूर, सागर, वर्धा, वणी, भंडारा. हिंदी आणि मराठी मुले एका बाकावर बसत, शिकण्याची भाषा दोघांनाही परकी, इंग्रजी. एफ. ए. ला दोन वर्षे, बी. ए. ला आणखी दोन. संस्कृत, तर्कशास्त्र, इतिहास, गणित. हिस्लॉपमध्ये त्यावर बायबलचा तास. परीक्षा कलकत्ता विद्यापीठाची. नागपूरच्या मुलाने शेक्सपिअर वाचायचा, त्याची प्रश्नपत्रिका हजार-बाराशे किलोमीटरवर निघायची आणि निकालही तिथूनच यायचा. थेट हावड्याला जाणारी रेल्वे व्हायला १९०० साल उजाडले. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर मध्य प्रांताची कॉलेजे अलाहाबाद विद्यापीठाकडे गेली. दोन पिढ्यांनी पदव्या घेतल्या त्या परप्रांताच्या नावाने.

संख्या थोडी असल्याचा एक मोठा फायदा होता. शिक्षक प्रत्येकाला नावानिशी ओळखे. बाहेरगावची मुले शहरात खोली घेऊन किंवा नातलगांकडे राहत, काही जण वारावर जेवत. इतवारीतला मुलगा घरी जेवून पायी कॉलेजला जाई आणि संध्याकाळी वडिलांच्या दुकानावर बसे. त्याचे शिक्षण त्याला बाजारापासून तोडत नव्हते. लहान गावच्या कॉलेजाचे हे बळ मोठ्या शहराच्या वसतिगृहाला कधी येत नाही.

बायबलच्या तासाने मुलांचे काय केले, याचे उत्तर बाहेर पडलेल्या माणसांनीच दिले. हिस्लॉपमध्ये शिकलेले बाळकृष्ण शिवराम मुंजे पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकलमधून डॉक्टर झाले आणि हिंदू महासभेचे नेते बनले. रविशंकर शुक्ल १८९९ च्या सुमारास हिस्लॉपमधून बी. ए. झाले, पुढे मध्य प्रांताचे पंतप्रधान आणि मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री. मॉरिसमधून वणीचे माधव श्रीहरी अणे निघाले, लोकांनी त्यांना लोकनायक म्हटले. मिशनने धर्म शिकवला, मुलांनी तिथून तर्क, वक्तृत्व आणि कायद्याची भाषा घेतली आणि ती साम्राज्याविरुद्ध वापरली. १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेस भरली, तेव्हापासून विदर्भातला शिकलेला तरुण राजकारणापासून अलिप्त राहू शकला नाही.

१९०७-०८ मध्ये नील सिटी हायस्कूलमध्ये तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर मुलांनी ‘वंदे मातरम्’चा घोष केला. त्यात पुढे असलेल्या केशव हेडगेवार या विद्यार्थ्याला शाळा सोडावी लागली. १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन नागपुरातच भरले. काँग्रेसनगर हे नाव तिथलेच. असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला, सरकारी आणि अनुदानित शाळा-कॉलेजे सोडण्याची हाक दिली गेली. मुलांनी कॉलेजे सोडली, शहरात टिळक विद्यालय उभे राहिले. काही महिन्यांनी पुष्कळ मुले परत वर्गात आली. त्यांना कमकुवत म्हणणे अन्यायाचे आहे. घरातला पहिला पदवीधर होण्याची संधी सोडणे काय असते, ते ज्याच्या घरात आधीच तीन वकील आहेत त्याला कळत नाही.

आणि ज्यांच्या घरात पहिला साक्षरही नव्हता, त्यांचे काय? दार सर्वांना उघडे, असे मिशन म्हणे. पण दारापर्यंत पोहोचायला आधी शाळा लागते. किसन फागू बनसोड यांनी १९०७ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. जाईबाई चौधरी लहानपणी नागपूर ते कामठी ओझी वाहून पोट भरत. मिशनमधल्या एका बाईंनी त्यांना शिकवले, शिक्षिकेची नोकरी दिली. त्यांची जात कळल्यावर सवर्ण पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या आणि ती नोकरी गेली. त्यांनी १९२२ मध्ये स्वतःची शाळा काढली. ३० मे १९२० रोजी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद नागपुरात भरली आणि तरुण आंबेडकर तिथे बोलले. डिसेंबरात ज्या शहरात कॉलेज सोडण्याची हाक दिली गेली, त्याच शहरात मे महिन्यात माणसे आपल्या हक्कांसाठी जमली होती. नागपूरच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना या दोन परिषदा शेजारी शेजारी ठेवल्याच पाहिजेत.

मुलींसाठी स्वतंत्र कॉलेज व्हायला १९३२ उजाडले. वूमेन्स एज्युकेशन सोसायटीचे ते कॉलेज पुढे लेडी अमृतबाई डागा यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. इथे पैसा व्यापारी घराण्यांतून आला. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपये विद्यापीठाला दिले, त्यातून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ मध्ये उभी राहिली. गोविंदराम सेकसरिया यांच्या नावाचे वाणिज्य महाविद्यालय आधी वर्ध्याला, मग नागपूरलाही निघाले. इतवारी-कामठीच्या गादीवर बसणाऱ्या ज्या माणसांना स्वतः कॉलेज मिळाले नव्हते, त्यांच्यापैकी कित्येकांनी कॉलेजांसाठी थैल्या मोकळ्या केल्या.

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्याकडे सहा कॉलेजे होती. परीक्षा अखेर गावात आल्या. मॉरिस तोवर सरकारी झाले होते, आणि त्याचा सर्वांत तेजस्वी काळ याच सुमाराचा. १९२२ ते १९२६ या वर्षांत मोहम्मद हिदायतुल्ला तिथे शिकत होते, देशाचे भावी सरन्यायाधीश. संस्कृतचे प्राध्यापक वासुदेव विष्णु मिराशी विदर्भात सापडलेले वाकाटकांचे ताम्रपट वाचत होते. त्यातून उभा राहिलेला ग्रंथ १९६३ मध्ये भारतीय कोरीव लेखांच्या मालेत पाचवा खंड म्हणून निघाला. १९३० च्या दशकात कुसुमावती देशपांडे तिथे इंग्रजी शिकवू लागल्या. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. महानुभाव वाङ्मयाचा शोध घेणारे वि. भि. कोलते याच शहरात घडले आणि १९६६ ते १९७२ विद्यापीठाचे कुलगुरू राहिले. हिस्लॉप आज सिव्हिल लाइन्समध्ये टेंपल रोडवर आहे. त्याचे प्राचार्यपद भारतीय माणसाकडे, डेव्हिड मोझेस यांच्याकडे, आले आणि १९६१ मध्ये दिल्लीत भरलेल्या जागतिक चर्च परिषदेने आपल्या अध्यक्षांत त्यांची निवड केली. जे कॉलेज धर्म देण्यासाठी परदेशातून आले होते, त्याचा भारतीय प्राचार्य जगाच्या धर्मपीठावर बसला.

भाषेचे वर्तुळही याच शहरात फिरले. रविशंकर शुक्ल १९४६ मध्ये प्रांताचे पंतप्रधान झाले. त्यांच्या पाठिंब्याने डॉ. रघुवीर लाहोरहून नागपूरला आले आणि शास्त्रीय परिभाषेचे कोश इथे रचले गेले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस नागपूर विद्यापीठाने मराठी आणि हिंदी यांना पदवीशिक्षणाचे माध्यम केले. देशात हे धाडस करणाऱ्या पहिल्या विद्यापीठांत नागपूरचे नाव आहे. परिभाषा जड होती, पाठ्यपुस्तके अपुरी होती, टीका पुष्कळ झाली. पण खेड्यातून आलेला मुलगा विज्ञानाचे उत्तर आपल्या भाषेत लिहू शकेल, हा विचार इथल्या माणसांनी कृतीत आणला आणि तो मला आजही मोलाचा वाटतो.

या सगळ्यातून मला दिसते ते असे. हिस्लॉप यांनी शाळेबाहेरचा दगड उचलून पाहिला, मिराशींनी जवळच्या शेतात निघालेला ताम्रपट वाचला, कोलत्यांनी मठांत बंद असलेली पोथी उघडली, देवांनी टाकळघाटची माती खणली. त्यांना मोठ्या इमारती किंवा मोठी ग्रंथालये लागली नाहीत. पायाखालच्या मुलखाला अभ्यासाचा विषय मानणारा शिक्षक हीच लहान कॉलेजाची खरी संपत्ती. आणि त्या शिक्षकापर्यंत कोण पोहोचू शकते, ही त्याची परीक्षा. पहिल्या कसोटीला नागपूरची कॉलेजे उतरली, दुसरीला फार उशिरा आणि अर्धवट.

आज नागपूर आणि आसपास शेकडो खासगी कॉलेजे आहेत. इमारती मोठ्या, शुल्क मोठे, जाहिराती त्याहून मोठ्या. त्यांतल्या कित्येकांत प्राध्यापक तासिका तत्त्वावर येतात आणि तास संपला की दुसऱ्या कॉलेजाच्या तासाला पळतात. त्यांच्याकडे मुलाला नावानिशी ओळखायला वेळ उरत नाही, आणि गावाकडे बघायला तर नाहीच. १८८३ आणि १८८५ च्या त्या दोन संस्था गरीब होत्या, पण त्यांच्याकडे पूर्णवेळ माणसे होती आणि त्या माणसांना या मुलखाचे कुतूहल होते. शिक्षकाला स्थैर्य देणे आणि गरिबातल्या गरीब मुलाला दारापर्यंत आणणे, एवढ्या दोन गोष्टी ज्या कॉलेजाने केल्या ते चार खोल्यांत भरले तरी शहराचे कॉलेज ठरेल. इतवारीच्या गादीवाल्यांना हे शंभर वर्षांपूर्वी पटले होते आणि त्यांनी त्यासाठी पैसे मोजले होते. ते पुन्हा पटवून देण्याची जबाबदारी आता, त्या पैशांवर शिकून मोठ्या झालेल्या, आपल्या सर्वांवर आहे.